एकास बारा

दर वर्षी ३ डिसेंबर आला की सगळीकडे साधारण एकाच छापाचा कार्यक्रम असतो. हॉलबाहेर कमान, आत स्टेज, स्टेजवर पाहुणे, हारतुरे, शाल-श्रीफळ आणि खाली पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर किंवा कुबड्या बाजूला टेकवून बसलेली मंडळी. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार हा दिवस जगभर अपंग व्यक्तींचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही महापालिका, जिल्हा परिषदा, शाळा, कॉलेजं सगळे पाळतात. भाषणं होतात, तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रं वाटली जातात, फोटो निघतात. यात वाईट काहीच नाही. पण मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाला गेलात तर एक गोष्ट नक्की बघा. ज्यांच्यासाठी हा दिवस आहे त्यांना स्टेजवर जायला वाट आहे का? बहुतेक वेळा पाहुणेच खाली उतरून वाटप करतात आणि तो त्यांचा मोठेपणा समजला जातो. खरं कारण एवढंच असतं की स्टेजला फक्त पायऱ्या असतात!

'वाटप' या शब्दापाशीच माझं अडतं. सरकारी संस्था अपंगांसाठी काय करतात असं कुणालाही विचारा, उत्तर वाटपाचंच मिळेल. पेन्शन देतात, सवलत देतात, स्टॉल देतात, सायकल देतात. हे सगळं लागतंच. पण समानता ही काही पाकिटात घालून देण्याची वस्तू नाही. महापालिकेच्या हातात पैशापेक्षा मोठी एक ताकद आहे आणि ती म्हणजे 'नाही' म्हणण्याची ताकद. "तुमच्या इमारतीत व्हीलचेअर जात नाही, तुम्हाला दाखला मिळणार नाही" असं म्हणण्याची ताकद. ही ताकद नीट वापरली तर निम्मं वाटप लागणारच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगते.

आधी कायद्याचं बघू. आपल्याकडे १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व मानलं होतं आणि सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण होतं. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला आणि त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा आला. आता अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. नोकरीतलं आरक्षण ४ टक्के झालं आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखून ठेवायच्या असं ठरलं. शब्दही बदलला. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि हळूहळू सगळ्या कागदांवर तोच आला. अपंगांच्या काही संघटनांना हा शब्द आवडला नाही. आमच्यात दैवी काही नाही, आम्हाला सरळ नागरिक म्हणा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला स्वतःला ते पटतं. पण असो, शब्दावर भांडण्यात आजची जागा घालवत नाही.

२०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. तेव्हाचे मुख्यमंत्री ठाण्याचेच होते, त्यामुळे आमच्याकडे बॅनरही भरपूर लागले होते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा राज्याचा नियम आहे, पूर्वी तो ३ टक्के होता. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला दीड हजार मिळायचे, ते २०२५ मध्ये अडीच हजार करायचं ठरलं. युडीआयडी नावाचं एकच ओळखपत्र देशभर चालतं. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. म्हणजे कागदावर बघितलं तर आपण काही मागे नाही. मग रस्त्यावर, स्टेशनवर, वर्गात आणि ऑफिसात ही माणसं दिसत का नाहीत? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. जनगणनेत दिसलेली एवढी माणसं नंतर जातात कुठे?

याचं उत्तर शोधायला आपण इंजिनिअरिंगवाले असल्यामुळे सरळ गणितच करू. एखाद्या ऑफिसच्या दारात तीन पायऱ्या आहेत असं समजा. पायरी १५ सेंटीमीटरची, म्हणजे उंची झाली ४५ सेंटीमीटर. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. म्हणजे एक सेंटीमीटर वर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. ४५ गुणिले १२ केलं की रॅम्प येतो ५.४ मीटरचा. आता प्रत्यक्षात काय होतं? पुढे जागा दीड मीटरच असते, कारण बाकीच्या जागेत साहेबांची गाडी लागते. मग कॉन्ट्रॅक्टर त्या दीड मीटरमध्येच सिमेंटचा ढिगारा थापतो, 'दिव्यांग मार्ग' अशी निळी पाटी लावतो आणि बिल काढतो. उतार झाला एकास साडेतीनच्याही आत. कोन पावणेपाच अंशाच्या जागी जवळजवळ सतरा अंश! माणूस आणि व्हीलचेअर मिळून ९० किलो धरलं तर, घर्षण सोडून, एकास बाराच्या उतारावर साडेसात किलो उचलण्याइतका जोर लागतो. त्या ढिगाऱ्यावर सव्वीस किलो. साडेतीन पट! खाली उतरताना तर माणूस थेट तोंडावर पडायचा. कागदावर मात्र दोन्ही रॅम्पच. रजिस्टरमध्ये दोघांसमोर एकसारखी बरोबरची खूण.

ही बरोबरची खूणच सगळा घोटाळा करते. आपल्या संस्था किती वस्तू बसवल्या ते मोजतात. एक माणूस घरातून निघून कामाच्या ठिकाणी एकट्याने पोहोचला का, हे कुणीच मोजत नाही. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकी असते, हे आपण फर्स्ट इयरपासून ऐकतोय. प्रवासही साखळीच आहे.

डोंबिवलीहून ठाण्याला जायचं घ्या. जिल्ह्याचं ठिकाण ठाणे, कलेक्टर ऑफिस ठाण्याला, सिव्हिल हॉस्पिटल ठाण्याला. म्हणजे आमच्याकडच्या माणसाला कधी ना कधी जावंच लागतं. घराच्या लिफ्टपर्यंत चार पायऱ्या ही पहिली कडी. फुटपाथ असेल तर त्याची उंची आणि त्यावरचे लोखंडी खांब ही दुसरी. दुचाक्या चढू नयेत म्हणून हे खांब लावतात, आणि दुचाकीसोबत व्हीलचेअरही अडते. मुंबईच्या फुटपाथवरच्या अशा खांबांबद्दल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाने मुख्य न्यायमूर्तींना ई-मेल केला आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून जनहित याचिका करून घेतली. दोन खांबांतलं अंतर ही केवढीशी गोष्ट, पण त्यासाठी हायकोर्ट लागलं!

पुढची कडी स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली याचा आपल्याला केवढा अभिमान आहे. आज मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबे आहेत. हे सगळं मान्य करायलाच हवं, कारण पूर्वी तेही नव्हतं. २०१४ मध्ये प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या फटीमुळे झालेल्या एका गंभीर अपघातानंतर न्यायालयाने लक्ष घातलं आणि उपनगरी स्टेशनांचे प्लॅटफॉर्म उंच करायचं काम जोरात झालं. तरीही डब्याची पातळी प्लॅटफॉर्मपेक्षा वरच राहिली. म्हणजे राखीव डबा आहे, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला त्यात एकट्याने शिरता येत नाही. मेट्रोत बघा, प्लॅटफॉर्म आणि डबा एका पातळीत असतो. म्हणजे तंत्रज्ञान परग्रहावरचं नाही, सुरुवातीच्या ड्रॉइंगमध्येच ते धरलं होतं एवढाच फरक. आणि राखीव डब्यात गर्दीच्या वेळी कोण चढतं हे मी सांगायला हवं का? रेल्वे कायद्याच्या १५५ कलमात त्यासाठी दंड आहे. पण दंडापेक्षा आपली लाज जास्त कामाची आहे. हॉस्टेलवरून शनिवारी घरी जाताना कोण कोण त्या डब्यात चढतं ते आपलं आपल्याला माहीत आहे!

प्लॅटफॉर्मवरच्या पिवळ्या टाइल्स तर आपण रोज तुडवतो. कितीजणांना माहीत आहे त्या कशासाठी असतात? जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे. पायाने वाचायची लिपीच म्हणा ना! आता एखाद्या ठिकाणी या रेघा सरळ विजेच्या खांबाकडे किंवा वडापावच्या गाडीकडे जात असतील तर? असं मी डोळ्यांनी पाहिलंय. आपण त्याला सुशोभीकरण म्हणतो, अंध माणसासाठी ती चुकीची दिशा दाखवणारी पाटी आहे. ती नसती तर तो निदान काठीच्या भरवशावर सावध चालला असता.

म्हणजे लिफ्ट, राखीव डबा, टाइल्स, रॅम्प सगळ्यांवर बरोबरच्या खुणा आणि तरी माणूस घरातच. आणि मग लोक म्हणतात, "एवढा रॅम्प बांधला, पण कुणी येतंच नाही हो!" अहो, मधली एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या कड्या रिकाम्याच दिसणार. नदीवरच्या पुलाचा एक गाळा पडलेला असेल तर पुलावर गाड्या नाहीत म्हणून पुलाची गरजच नव्हती असं कुणी म्हणेल का?

आता येते ती 'नाही' म्हणण्याची ताकद. २०१६ च्या कायद्याचं ४४ वं कलम सगळ्या सिव्हिलवाल्यांनी पाठ करावं असं आहे. सुगम्यतेचे नियम पाळलेले नसतील तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही, पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही आणि इमारतीत राहायला किंवा काम करायला परवानगी द्यायची नाही. त्यापुढचं ४५ वं कलम जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत देतं. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. ८९ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख दंड आहे. महाराष्ट्रात २०२० पासून बहुतेक महापालिकांना लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही अडथळारहित प्रवेशाच्या तरतुदी आहेत. घोडबंदर रोडपासून कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत रोज नवे टॉवर उभे राहतात. त्यांच्या नकाशावर सही कोणाची? नगररचना विभागाची. दाखला कोणाचा? महापालिकेचा. मग ५ टक्के निधीतून एकेकाला काय द्यायचं याचा जेवढा विचार होतो, तेवढा या सहीचा का होत नाही?

बरं, अगदी सहीचाच मामला बोगस निघाला तर काय होतं तेही आमच्याकडे दिसलंय. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. बिचाऱ्या कुटुंबांनी कर्ज काढून घरं घेतली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. जिथे आख्खी इमारत तपासली जात नाही तिथे रॅम्पचा उतार कोण तपासणार? म्हणून मी म्हणते, अपंगांचा प्रश्न हा वेगळा कोपऱ्यातला प्रश्न नाहीच. शहरात नियम पाळला जातो की नाही याचीच ती परीक्षा आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलंय. राजीव रतुरी या अंध गृहस्थांनी २००५ मध्ये याचिका केली होती. डिसेंबर २०१७ मध्ये निकाल लागला, पण अंमलबजावणी रखडली. ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने पुन्हा निकाल दिला. सुगम्यतेचे निकष 'मार्गदर्शक सूचना' म्हणून ठेवणं कायद्याशी विसंगत आहे, किमान निकष सक्तीचे करा, आणि ते पाळले नाहीत तर पूर्णत्वाचे दाखले रोखा, दंड करा असं स्पष्ट बजावलं. एप्रिल २०२५ मध्ये आणखी एक निकाल आला. बँकेची केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा असं ॲप सांगतं. अंध माणसाने किंवा ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईने काय करायचं? डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनो, म्हणजे एकास बारा फक्त सिव्हिलच्या डोक्याला ताप नाही. तुमच्या वेबसाइटलाही रॅम्प लागतो!

माझं महापालिकांना दोनच गोष्टींचं सांगणं आहे. पहिली, सार्वजनिक कामाचं शेवटचं बिल देण्याआधी आणि इमारतीचा दाखला देण्याआधी त्या जागेची चाचणी अपंग व्यक्तींकडून करून घ्या. एक व्हीलचेअरवरची, एक अंध, एक कर्णबधिर. गेटपासून काउंटरपर्यंत त्यांना मदतीशिवाय जाऊन काम करून येता आलं तर पास, नाहीतर फेल. त्यांना या कामाचे पैसे द्या, ५ टक्के निधीतून द्या. सत्कारापेक्षा त्यांना हा रोजगार नक्की आवडेल. दुसरी गोष्ट, निर्णय घेतात तिथे त्यांना बसवा. तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदा बदलून स्थानिक स्वराज्य संस्थांत अपंग प्रतिनिधी नेमायची सोय केली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत कित्येक वर्षं प्रशासकांचं राज्य होतं, १५ जानेवारी २०२६ ला निवडणुका होऊन नवे नगरसेवक आले. त्यांनी हा विषय हाती घ्यायला हरकत काय?

कुणी म्हणेल, खर्चाचं काय? नवीन इमारतीत उतार आधीच ड्रॉइंगमध्ये धरला तर तो जोत्याच्या कामातच जातो. नंतर तोडफोड करून बसवायचा झाला की महाग पडतो. कुणी म्हणेल, रॅम्पचा उपयोग गरोदर बायकांना, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना आणि ट्रंक ओढणाऱ्या हॉस्टेलवाल्यांनाही होतो. खरंच होतो. पण ते कारण मी पुढे करणार नाही. बाकीच्या शंभर जणांचा फायदा होतो म्हणून एकाला आत घ्यायचं, याला समानता म्हणत नाहीत.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला अंध माणसाला हात धरून रस्ता ओलांडायला मदत करा असं शिकवायचे. चांगलंच शिकवलं, अजून करते. पण त्याला एकट्याला रस्ता का ओलांडता येऊ नये, सिग्नलला आवाज का नाही, हा प्रश्न मॉरल सायन्समध्ये नव्हता आणि फिजिक्समध्येही नव्हता. तो प्रश्न आपल्या अभ्यासक्रमाचा आहे. अजून दोन-चार वर्षांत आपल्यातलेच काही जण त्या नकाशांवर सही करणार आहेत, काही जण ते पोर्टल बनवणार आहेत आणि एखाद-दुसरा एमपीएससी करून त्या खुर्चीतही बसेल.

तेव्हा सुरुवात इथूनच करू या. आपल्या क्षेत्रात एआयसीटीई अपंग विद्यार्थ्यांना 'सक्षम' योजनेत वर्षाला ५० हजारांची शिष्यवृत्ती देते, कॉलेजात अडथळारहित वातावरण असावं अशी अटही घालते. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ देण्याचा नियम आहे. पण आपल्या ड्रॉइंग हॉलपर्यंत व्हीलचेअर जाते का? लॅबचं टेबल बसलेल्या माणसाच्या हाताला येतं का? आपण एकमेकांना पाठवतो त्या हाताने लिहिलेल्या नोट्सच्या फोटोंचं काय? एनव्हीडीए नावाचं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण आपलं अक्षर ते कसं वाचणार? सर-मॅडमना विनंती, नोट्स टाइप केलेल्या द्या. वॉर्डन सरांना विनंती, तळमजल्यावरची एक खोली आणि एक बाथरूम आत्ताच तशी तयार करून ठेवा. कुणी आल्यावर करू असं म्हटलं तर कुणी येणारच नाही.

आणि आपल्यासाठी दोन कामं. येत्या रविवारी मेझरिंग टेप आणि स्पिरिट लेव्हल घेऊन गेटपासून लायब्ररीपर्यंत आणि हॉस्टेलपासून मेसपर्यंत प्रत्येक पायरी, दार आणि उतार मोजायचा. तो तक्ता प्रिन्सिपल सरांना द्यायचा. दुसरं काम दहा रुपयांचं आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दोन्ही महापालिकांना अर्ज करायचा आणि फक्त दोन प्रश्न विचारायचे. गेल्या पाच वर्षांत दिव्यांगांचा ५ टक्के निधी कशाकशावर खर्च झाला? आणि सुगम्यता नाही या कारणासाठी किती इमारतींचे दाखले रोखले? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पहिल्या प्रश्नाला लांबलचक यादी येईल. मला उत्सुकता आहे ती दुसऱ्या आकड्याची.

ज्यांना यायचंय त्यांनी मेसच्या नोटीस बोर्डावर नाव लिहा. रविवारी सकाळी साडेआठला निघायचं. टेप माझ्याकडे आहे, स्पिरिट लेव्हल वर्कशॉपमधून मागून घेऊ.